दुपारचा भोंगा

निवृत्तीनंतर माणसानं काय करावं याबद्दल आमच्या विरारजवळच्या बोळिंजच्या सोसायटीत प्रत्येकाचं मत तयार असतं. कुणी म्हणतं सकाळी फेऱ्या मारा, कुणी म्हणतं कमिटीवर या. मी थोरल्या बहिणीच्या स्वयंपाकघरात भूकंपमापक बसवला. "लोक बहिणीला मिक्सर घेऊन देतात," बायको म्हणाली. मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

मला दुसरं काही येत नाही. माझी सगळी नोकरी एका सरकारी खोलीत जमिनीच्या रेघा वाचण्यात गेली. कुठंही जमीन हलली की आमच्यापुढे पहिला प्रश्न असायचा, हा भूकंप की स्फोट? अणुचाचण्यांवर बंदी घालणारा एक जागतिक करार आहे. आपण त्यावर सही केलेली नाही, आणि तो अजून लागूही झालेला नाही. तरी त्याची यंत्रं जगभर जमिनीला, समुद्राला, हवेला कान लावून बसलेली आहेत. आमचा देश त्या करारात नव्हता, पण कान आम्हीही लावून बसायचो. कुणी डोंगराच्या पोटात चोरून बॉम्ब उडवला तर तो काय सांगणार? भूकंप झाला असं सांगणार. त्याचं खरं की खोटं, ते रेघेवरून ठरवायचं. भूकंपात जमीन घासत सरकते, त्यामुळे ती कुठे ढकलते, कुठे ओढते. स्फोट मात्र सगळीकडे बाहेरच ढकलतो. त्याची सुरुवात ठसठशीत असते आणि शेपूट लहान. सवय झाली की कळतं, जसं फोनवर नुसतं 'हॅलो' ऐकून माणूस ओळखू येतो.

या कामाची एक बाजू मी कधी कुणाला बोलून दाखवली नाही. आम्हाला जे कळायचं ते नेहमी नंतर कळायचं. स्फोट होऊन गेलेला असायचा. आम्ही साक्षीदार होतो, राखणदार नव्हतो.

आता ताईबद्दल सांगतो. आमचं मूळ घर किनाऱ्याकडचं, केळीच्या आणि पानवेलीच्या वाडीतलं. ताई लग्न होऊन पूर्वेला डोंगराकडच्या चांदीप गावी भातशेतीच्या घरात गेली आणि तिथलीच झाली. बोलते तशीच, जेवते तशीच. भावोजी गेल्यापासून ती तिथं एकटी राहते. मुलगा वसईला एव्हरशाईन सिटीत. त्याच्याकडे लिफ्ट आहे, नळाला पाणी आहे, खाली बाग आहे, आणि या सगळ्याचं वर्णन त्यानं आईला इतक्या वेळा ऐकवलं होतं की ती शेवटी म्हणाली, "बागेत तुमी पालक लावता का? नाय ना? मग ती कसली बाग?"

शेवटी माझ्यासमोर मायलेकांचा करार झाला. आईचे डोळे आणि कान ठीक आहेत तोवर ती चांदीपला राहील. दोन्हींतलं एक जरी गेलं तर मुकाट्यानं एव्हरशाईनला यायचं. ताई म्हणाली, "कबूल." भाचा म्हणाला, "मामा साक्षीला आहेत." मी मान डोलावली आणि पुरणपोळी खाल्ली. तपासणी कशी करायची याचा एक शब्दही त्या करारात नव्हता. मी आयुष्यभर करारांच्या तपासणीचंच काम केलेलं, पण तेव्हा माझ्या डोक्यात ते आलं नाही.

गावामागच्या डोंगराला खदान लागलेली आहे. तिथं दुपारी, कामगार जेवायला सुटले की सुरुंग उडवतात. त्याच्या थोडं आधी भोंगा होतो. हा भोंगा म्हणजे ताईच्या दिवसाचा खांब. तो झाला की ती गॅस बंद करायची, दुधावर झाकण ठेवायची, भिंतीवरचा भावोजींचा फोटो खिळ्यावरून काढायची, कारण एकदा हादऱ्यानं त्याची काच फुटली होती, आणि फोटो काखेत मारून अंगणातल्या चिंचेखाली जाऊन उभी राहायची. सुरुंग उडाला, पत्रे थरथरून शांत झाले की फोटो परत खिळ्यावर आणि गॅस परत चालू. मी एकदा तिथं होतो तेव्हा तिनं मलाही ओढत बाहेर नेलं. ताटातला घास ताटातच राहिला.

"एवढं काय ताई? रोजचंच आहे."

"भिंत तुला इचारून पडनार हाय?"

भिंतीला खरंच तडे गेले होते. स्वयंपाकघराची मागची भिंत सगळ्यांत जुनी, मातीत रचलेल्या विटांची. गावातल्या आणखीही काही घरांना तडे होते. लोक खदानीत बोलायला गेले तेव्हा तिथल्या मुकादमानं हात झटकले. "आमच्या सुरुंगानं नाही हो, भूकंपानं. डहाणूकडे हल्ली किती धक्के बसतात, पेपरात वाचत नाही का?" ताईनं हे मला फोनवर सांगितलं आणि मला हसू आवरेना. ज्या वाक्याची आम्ही त्या खोलीत इतकी वर्षं वाट बघत बसलो होतो, ते अखेर चांदीपच्या खदानीतून आलं.

म्हणून मी ते यंत्र घेतलं. जेवणाच्या डब्याएवढं असतं. फरशीवर स्क्रूनं घट्ट बसवलं, भाच्यानं इंटरनेटची सोय करून दिली, आणि चांदीपची जमीन बोळिंजच्या माझ्या टेबलावर दिसू लागली. सुरुंगाच्या रेघा पहिल्याच आठवड्यात पुराव्याला पुरतील एवढ्या मिळाल्या; त्या घेऊन खदानीत जायचं मात्र राहतच गेलं. पण खरी गंमत दुसरीच निघाली. इतक्या जवळ ठेवलेलं यंत्र पावलंही टिपतं. दुपारी पडद्यावर आधी ताईची पावलं दिसायची, स्वयंपाकघरातून दाराकडे लहान होत जाणारी. मग सुरुंग. मग पावलं परत आत. रोज हाच क्रम. बायको मिक्सर विसरली आणि टेबलाशी खुर्ची ओढून बसू लागली. "अहो, तुमची ताई बाहेर गेली," ती मला स्वयंपाकघरात येऊन सांगायची. थोड्या वेळानं, "आली आत." मग आम्ही जेवायला बसायचो.

त्या मे महिन्यात सीमेवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं उडू लागली आणि आमच्या सोसायटीच्या अंगात आल्यासारखं झालं. टीव्हीवर एक बाण दुसऱ्या बाणाला हवेत गाठायचा, निवेदक किंचाळायचा, आणि खाली बाकावर बसलेले बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ मला समजावून सांगायचे, "काळजीच नको. आपल्यावर आता छत्री आहे."

मला चीड यायची. मी म्हणालो, छत्री उघडायला आधी पाऊस येतोय हे कळावं लागतं. समोरून काय निघालंय, खरं निघालंय की फसवं, हे ओळखायला मिनिटं मिळतात, दिवस नाही. सगळं धोरण, सगळे रडार, सगळा खर्च त्या मधल्या मिनिटांसाठी. आणि एकानं कवच घातलं की शेजारी आपले बाण वाढवतो, हेही आहेच. गृहस्थांनी माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं आणि विषय पार्किंगवर नेला.

अध्यक्षांनी सोसायटीचा सराव ठरवला. तारापूरच्या अणुभट्ट्या आपल्याच जिल्ह्यात आहेत, हे त्यांनी तीनतीनदा सांगितलं. गच्चीवर भोंगा बांधला. तो वाजला की दिवे घालवायचे, पडदे ओढायचे, घरातल्या आतल्या भिंतीशी बसायचं. संध्याकाळी भोंगा वाजला. मी घाबरलो, हे मी कबूल करतो. सराव आहे हे माहीत असूनही मी आधी जाऊन गॅस बंद केला. समोरच्या इमारतीतलं कुणाचं तरी तान्हं रडत होतं आणि अध्यक्ष अंधारात मोबाइलचा दिवा लावून अंधाराचा व्हिडिओ काढत होते.

रात्रीच्या जेवणाआधी ताईला फोन केला आणि हे सगळं सांगितलं. ती पोट धरून हसली.

"भोंगा झाल्यावर तुमी आत जाता? आमी तर बाहेर येतो."

"ताई, हा वरून पडणाऱ्या बॉम्बचा भोंगा आहे."

"वरून पडो नायतर खालून उडो. घर पडतं ते आतल्याच्याच डोक्यावर पडतं ना?"

मी सरळ बायकोला फोन दिला.

लढाई थांबली. छत्रीवाले गृहस्थ पुन्हा पार्किंगवर आले. आणि साधारण त्याच सुमारास ताईची पावलं बदलली.

हे आधी बायकोच्या लक्षात आलं. "तुमची ताई आज सकाळीच बाहेर गेली. अजून आत नाही." मी पाहिलं. नाश्त्यानंतर पावलं दाराकडे गेली होती आणि सुरुंग होऊन कितीतरी वेळ झाला तरी परतली नव्हती. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशीही. ऊन चढायच्या आत पावलं बाहेर, आणि परत यायची ती उन्हं कलल्यावर. मला वाटलं, अंगणात काहीतरी वाळवण घातलं असेल. मे महिना, पापड, कुरडया. बायको म्हणाली, "दिवसभर राखण करायला एवढे कुठले पापड? खाणारं कोण आहे तिथं?"

मग मला राग आला. काळजी वाटली की मला राग येतो, हा माझा स्वभाव आहे. एवढ्या उन्हात या वयात दिवसभर बाहेर! चक्कर येऊन पडली तर बघायला कोण आहे? खडसावायचं ठरवून मी दुपारी फोन लावला. तिचा मोबाइल कायम स्वयंपाकघरातल्या फळीवर चार्जिंगला लावलेला असतो. बराच वेळ वाजला. मी ठेवणार इतक्यात तिनं उचलला. धापा टाकत होती.

"काय रे?"

"ताई, तू दिवसभर उन्हात काय..."

एवढंच मी बोललो. आधी फोनमधून एक दणका आला. मग भांडी पडल्याचा आवाज, मग काहीतरी जड, खरखरीत, लांबत जाणारं, आणि फोन बंद.

यंत्राची रेघ इंटरनेटवरून येते, म्हणून ती थोडी मागे चालते. माझ्या हातातला फोन मुका झाल्यानंतर पडद्यावर ताईची पावलं उमटू लागली. दाराकडून आत येणारी, घाईची, मोठी होत जाणारी. माझ्याच फोनसाठी ती आत येत होती आणि मी ते आत्ता पाहत होतो. मी पडद्याला म्हणालो, "येऊ नकोस." खरंच मोठ्यानं म्हणालो. मग सुरुंग आला, सुरुवात ठसठशीत, शेपूट लहान. मी इतकी वर्षं ज्या आकारावर बोट ठेवत आलो, तोच आकार. त्याच्या शेपटावर दुसरी एक खूण चढली, वेडीवाकडी, पडदाभर. आणि त्यानंतर रेघ सपाट झाली.

मी त्या सपाट रेघेकडे पाहत उभा राहिलो. पावलं यायला हवी होती. रोज येतात. भाच्याचा नंबर बायकोनंच लावला. "तुम्ही निघा," ती म्हणाली. "मी इथं बघत बसते."

बोळिंजहून पूर्वेला जाणारी रिक्षा पुलावर अडकली. पुढे टँकर, मागे टँकर. मी रिक्षावाल्यावर ओरडलो, टँकरवर ओरडलो. त्यानं आरशात माझ्याकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं. हायवेला लागलो तेव्हा बायकोचा फोन आला.

"पावलं आहेत."

"तिची?"

"नाही हो, खूप जणांची. सगळी धावताहेत." मग थांबून म्हणाली, "आता एका जागी थांबलीत. काहीतरी उचलताहेत वाटतं. तिथं दणके बसताहेत, हळूहळू, एकामागून एक."

विटा. माणसं विटा काढून बाजूला टाकत होती. चांदीपचा फाटा येईपर्यंत मी फोन कानाला लावून बसलो आणि ती मला सांगत राहिली, अजून दणके आहेत, अजून आहेत, आता थांबले. थांबले म्हणजे काय झालं, हे तिलाही सांगता येईना आणि मलाही.

ताई अंगणात चिंचेखाली बाजेवर होती. धुळीनं पांढरी फटक. डोळे उघडे होते. मागची भिंत आत पडली होती, फळी, डबे, सगळं घेऊन. ताई ओट्याच्या कोपऱ्यात ढकलली गेली म्हणून वाचली, पण मांडीचं हाड मोडलं होतं. मला पाहून ती म्हणाली, "फोटो कुटं हाय?" कुणीतरी तो तिच्या उशाशी आणून ठेवला. काच नव्हती, भावोजी होते.

विरारला दवाखान्यात ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी भाचा औषधं आणायला खाली गेला, तेव्हा तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं.

"कोनाला सांगू नको. मला भोंगा ऐकू येत नाय."

"म्हणजे?"

"गेलाय. पयलं वाटलं, वारा उलटा हाय. मग म्हटलं, रोज कसा वारा उलटा? सुरुंग उडतो, जमीन हलते, भोंगा काय ऐकू येत नाय. कोंबडा ऐकू येतो, टीवी ऐकू येतो, तुजा फोन ऐकू येतो. फक्त भोंगा गेला. एकेक आवाज जातो का रे?"

मला ते पटलं. म्हातारपणी ठरावीक पट्टीतले आवाज आधी जातात, हे मी वाचलं होतं, आणि मी तिला ते समजावूनही सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हनून बाहेर बसायची. कधी उडल, एक उडाल्यावर परत दुसरा उडल का, ते कळत नव्हतं, मग काय करू? सकाळपासनं बसायची. कोनाला इचारलं असतं तर कळलं असतं ना, म्हातारी भैरी झाली. पोरानं लगेच नेली असती."

उशीकडे तोंड फिरवून ती म्हणाली, "आता सांग त्याला. एवरशाईनला येते मी. कबूल केलं होतं."

मी तिला इतकी गुपचूप हार मानताना कधी पाहिलं नव्हतं. मी पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेलो.

पुढच्या दिवशी मी खदानीवर गेलो, भांडायलाच. पिशवीत त्या दुपारच्या रेघेची छापील प्रत होती. मुकादमानं मला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि मी कागद पुढे करायच्या आत म्हणाला, "लय वाईट झालं. भूकंपाचा काय नेम नाही साहेब." मी कागद त्याच्यासमोर आपटला. भूकंप असा नसतो, हे त्याला मी ज्या आवाजात सांगितलं त्या आवाजात मी घरी कधी बोलत नाही. तो कागद उलटसुलट करून बघू लागला.

उठताना मी नुसतं बोलायचं म्हणून बोललो. "बाईचे कान गेलेत. तिला तुमचा भोंगा ऐकू येत नव्हता, नाहीतर ती बाहेर असती."

मुकादमानं कप खाली ठेवला.

"भोंगा कुठला साहेब? भोंगा बंद आहे."

मी उभाच राहिलो.

"लढाईच्या टायमाला मेसेज आला होता ना. व्हॉट्सॲपवर. सरकारी भोंगा सोडून कुणी भोंगा वाजवायचा नाही, लोक घाबरतात म्हणून. तवापासून आम्ही पोरं उभी करतो रस्त्यावर, लाल फडकं घेऊन. गावाला ठाऊक आहे सगळं."

"मेसेज कुणी पाठवला होता?"

"ग्रुपवर आला होता."

"आणि लढाई थांबली तेव्हा?"

तो प्रामाणिकपणे विचारात पडला. "परत चालू करा, असा मेसेज काय आला नाही."

मी परत खुर्चीत बसलो. आकाशात शेकडो मैलांवरून येणारा बाण ओळखायला देश मिनिटं विकत घेतात. ताईकडे तशी मिनिटं होती, भोंगा आणि सुरुंग यांच्यामधली. गॅस बंद करून, नवऱ्याचा फोटो काढून, चिंचेखाली पोचण्यापुरती. ती कुणीतरी, लोक घाबरू नयेत म्हणून, काढून घेतली होती. गावाला ठाऊक होतं. खदानीच्या बाजूला असलेल्या ताईच्या त्या शेवटच्या घरापुढून लाल फडक्याचा रस्ता जातच नव्हता. आणि ताईनं कुणाला विचारलं नाही, म्हणून कुणी तिला सांगितलं नाही. तिनं स्वतःचे कान दोषी धरले. भोंगाच बंद असेल, असा संशयसुद्धा तिला आला नाही, इतका तिचा त्या भोंग्यावर विश्वास होता.

आणि मी तिला ते शास्त्र सांगून पटवून दिलं होतं. मे महिन्याच्या उन्हात ती रोज किती वेळ बसत होती, ते माझ्या पडद्यावर नोंदलेलं होतं. ते आठवलं आणि मी चहा अर्धाच ठेवून उठलो.

दवाखान्याच्या जिन्यातच मी भाच्याला सगळं सांगितलं. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "मामा, एक बोलू? आईला हे आत्ता सांगू नका ना. ती स्वतःहून बोलतेय, येते म्हणून. फर्स्ट टाइम. भोंग्याचं कळलं की परत सुरू होईल. परत ती भिंत, परत ते सगळं. मला रात्री झोप नाही लागत, मामा."

तो चुकीचं बोलत नव्हता. माझ्याही मनात तेच आलं होतं, रिक्षातच. नुसतं गप्प राहायचं, एवढंच. ताई सुखरूप राहील, लिफ्ट, नळ, बाग. स्वतःला बहिरी समजून राहील, इतकंच.

मी खोलीत गेलो. ताई छताकडे पाहत होती. मी खुर्ची ओढली आणि सांगून टाकलं. जे झालंच नाही ते झालं असं कुणी म्हटलं, तर माझ्यानं गप्प बसवत नाही. ही सवय आता जाणार नाही.

"ताई, तुझे कान ठीक आहेत. भोंगा बंद होता."

तिनं मान माझ्याकडे वळवली. मग विचारलं, "सगल्या गावाला ठावं होतं?"

"हो."

"आनि मी चोरावानी बसत होते. उन्हात. कोनाला कळू नये म्हनून." आधी ती रडली, मग तिनं खदानीला, मुकादमाला आणि त्या ग्रुपला अशा शिव्या दिल्या की नर्स आत डोकावून गेली. मग पदरानं तोंड पुसून दाराशी उभ्या असलेल्या मुलाला म्हणाली, "डोळे बी ठीक, कान बी ठीक. पाय करारात नव्हता."

भाच्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

खदानीचा भोंगा त्याच आठवड्यात सुरू झाला. कुणाचा हुकूम लागला नाही, मेसेज लागला नाही. मुकादमानं बटण दाबलं. भिंत भाच्यानं सिमेंटमध्ये नवी बांधून घेतली, कुरकुर करत आणि रोज स्वतः उभा राहून. दिवाळीनंतर ताई काठी टेकत चांदीपला परतली. यंत्र मी नव्या फरशीवर पुन्हा बसवलं.

मला वाटलं होतं, सगळं पहिल्यासारखं होईल. तसं झालं नाही. पहिल्याच दुपारी फोन आला. ताई काही बोलेना. मी हॅलो, हॅलो म्हणत राहिलो. मग लक्षात आलं, तिनं फोन कानाला लावलेलाच नाही, तो दाराबाहेर खदानीच्या दिशेनं धरलाय. मागून, लांबून, भोंगा ऐकू येत होता. तो थांबल्यावर तिनं विचारलं.

"वाजला ना रे?"

"हो ताई. वाजला."

"नक्की?"

"नक्की. मी ऐकला."

तेव्हापासून रोज दुपारी तिचा फोन येतो. तिला भोंगा स्वच्छ ऐकू येतो, डॉक्टरनं कान तपासून दिलेत, तरी माझ्याकडून ऐकल्याशिवाय ती हलत नाही. आम्ही कुठं लग्नाला गेलो असलो तरी मी मंडपाबाहेर जाऊन उभा राहतो. वाजला, म्हणतो. फोन बंद होतो. घरी असलो की मग बायको आणि मी रेघेकडे बघत बसतो, आणि थोड्या वेळानं ती उमटतात, दोन पावलं आणि एक काठी, दोन पावलं आणि एक काठी, दाराकडे लहान होत जाणारी. ती पूर्ण पुसली जाईपर्यंत आम्ही दोघं जेवायला बसत नाही.